रुमालावरच्या खुणा

दोन क्रीमबन खाल्ले, बोटं चाटली, बशीतले कण बोटानं दाबून दाबून टिपले आणि मग धाकटी वर तोंड करून म्हणाली, "मला मेलीला कुणी काही खायला देत नाही."

थोरलीचा संताप पायाच्या नखापासून निघाला तो थेट टाळूला भिडला. रविवारची सकाळ, गुडघे बिजागरीसारखे कुरकुरतायत, अशात ती चौकातल्या बेकरीपर्यंत चालत गेली होती. दोन बन आणले होते, एक हिला, एक स्वतःला. स्वतःचा नुसता बशीत ठेवून चहा गाळायला वळली, तेवढ्यात तोही गायब. आणि वर हे भाषण!

"अगं, ओठाला अजून क्रीम आहे तुझ्या!"

"कुणाच्या?"

"तुझ्या! माझ्या कुठून असेल? मला एक तरी ठेवलास का?"

धाकटीनं ओठ पुसले, हाताला लागलेलं पांढरं निरखून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "साबण आहे."

जन्म लाँड्रीत काढलेल्या बाईला पांढरं दिसलं की साबणच दिसणार. थोरलीला हसूही आलं आणि बशी आपटावीशीही वाटली. तिनं यातलं काहीच केलं नाही. ती खुर्चीत बसली आणि तिला एकदम भीती वाटली. बन जाऊन पाच मिनिटं झाली नव्हती. शनिवार यायला सहा दिवस होते.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. सासऱ्यांची लाँड्री होती, खाली दुकान आणि वर घर. दोघी एका वर्षाच्या अंतरानं त्या घरात आल्या आणि सासू-सासरे, मग दीर, मग थोरलीचा नवरा, असं एकेक माणूस जात राहिलं तरी या दोघी दोरीला लावलेल्या चिमट्यांसारख्या तिथंच राहिल्या. थोरलीला मूल नव्हतं. धाकटीला एक मुलगा, तो शिकून दूर गेला, चांगल्या हुद्द्यावर चढला. थोरलीला तो 'मोठीआई' म्हणायचा. आता दुकानाचा पुढचा भाग तेवढा उरला होता. एक टेबल, एक इस्त्री, आणि चार जुनी गिऱ्हाइकं, जी कपड्यांपेक्षा थोरलीच्या शिव्या ऐकायलाच येतात असं लोक म्हणत.

धाकटीचं डोकं गेल्या वर्षापासून उसवायला लागलं होतं. आधी चिमटे फ्रिजमध्ये सापडले. मग ती मेलेल्या नवऱ्याचा शर्ट धुवायला मागू लागली. आणि पंधरा दिवसांपूर्वी कपड्यांचं एक गाठोडं काखेत मारून बसथांब्यावर जाऊन बसली. तिथून शेजारणीनं हाताला धरून आणली, आणि आणली ती आणली, वर मुलाला फोनही केला. थोरलीनं त्या शेजारणीशी बोलणं टाकलं. मुलगा मात्र आला.

तो आईला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला आणि परत आल्यावर खाली मान घालून म्हणाला, "मोठीआई, माझ्या घराजवळ एक जागा आहे. दिवसभर नर्सबाया असतात. दाराला कुलूप असतं, पण मोठी बाग आहे."

"बागेत काय वाळत घालणार आहे ती?"

"तू सत्तरी ओलांडलीस. तिच्यामागे किती पळशील?"

"पळायला कशाला हवं? मी दाराला टेकून उभी राहते. तिला बाहेर जायला दारच लागतं ना? का खिडकीतून उडते तुझी आई?"

तो हसला नाही. पोरगा लहानपणापासूनच असा. समोरचा रागावला की हा गप्प होणार आणि गप्प राहून जिंकणार. शेवटी त्यानं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं. पुढच्या शनिवारी त्या धाकटीला विचारणार होत्या की आठवडाभरात काय काय छान घडलं, काय खाल्लं, कुठं गेलात, कशाचा आनंद झाला. माणसाच्या डोक्यात सुखाची गोष्ट जरा जास्त टिकते म्हणे. दोन-तीन जरी सांगता आल्या तरी आणखी काही महिने घरी ठेवून बघू. काहीच उरलं नसेल, तर मात्र तिला एकट्या म्हाताऱ्या बाईच्या भरवशावर ठेवणं धोक्याचं.

"आणि तू सांगशील ते मी मानीन," तो म्हणाला. "डॉक्टरांनाही सांगितलंय. आमची मोठीआई चटके देईल, पण खोटं बोलणार नाही."

थोरलीची मान ताठ झाली. हे खरंच होतं. गिऱ्हाइकाचा शर्ट जळला तर ती स्वतः त्याच्या घरी जाऊन सांगायची, "जाळला मी." खोटं बोलणं तिला कमीपणाचं वाटे. खोटं बोलायचं म्हणजे कुणाला तरी घाबरायचं, आणि घाबरण्याच्या लायकीचं माणूस तिला अजून भेटलं नव्हतं.

तर परीक्षा सुखाची होती. थोरलीची स्वतःची शाळा दुसरीत सुटली होती, पण घोकंपट्टी म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. तिनं ठरवलं, रोज एक सुख द्यायचं आणि उशीत कापूस कोंबावा तसं ते धाकटीच्या डोक्यात कोंबून बसवायचं. आणि पहिलंच सुख पाच मिनिटांत साबण होऊन गेलं होतं.

नुसतं सांगून भागणार नाही. मग खूण हवी.

खुणा ही या घराची खरी विद्या. लाँड्रीत दहा घरचे पांढरे शर्ट एका हौदात पडतात. ते ओळखायचे कसे? दुसरीकडे शाईनं नंबर घालत. इथं थोरलीला अक्षर धड येत नव्हतं आणि सासऱ्यांचा शाईवर विश्वास नव्हता. तेव्हा थोरलीनं दोऱ्याच्या खुणा काढल्या. कॉलरच्या आतून, कमरपट्टीच्या कडेला, कुणाची फुली, कुणाचे दोन तिरपे टाके, कुणाचं गोल. रंग आणि टाका मिळून एक घर. काढल्या थोरलीनं, टाके घालायच्या दोघी, पण ओळखायची ती धाकटी. साठ-सत्तर घरं तिच्या बोटांत होती. अंधाऱ्या हौदाशी उभी राहून, न बघता, नुसतं कॉलरवर बोट फिरवून ती सांगायची, हा अमक्याचा, हा तमक्याचा.

थोरलीनं फिकट निळा रुमाल घेतला. बनवर लाल चेरी होती, म्हणून लाल दोरा ओवला आणि कोपऱ्यात छोटीशी फुली घातली.

"हे बघ. ही फुली म्हणजे क्रीमबन. काय?"

"काय?"

"क्रीमबन!"

"कुठाय?"

"तुझ्या पोटात आहे, सटवे!"

संध्याकाळपर्यंत तीस वेळा झालं. तिसाव्या वेळी धाकटी फुलीवर बोट ठेवून म्हणाली, "बन." थोरलीनं तिच्या पाठीत एक हलका धपाटा घातला आणि लगेच तोच हात तिथं ठेवून दिला.

सोमवारी ऊन चांगलं पडलं होतं. गच्चीत दोन खुर्च्या नेल्या, घमेल्यात कढत पाणी आणि मूठभर मीठ घातलं आणि धाकटीचे पाय त्यात सोडले. धाकटीनं डोळे मिटले. पाण्यात तिची बोटं एकेक करून हलायला लागली, जशी काही पायांनी कुणाशी तरी बोलतेय. टाचांना भेगा होत्या. थोरली खाली बसली, म्हणजे बसायला तिला दोन मिनिटं लागली, आणि दगडानं टाचा घासू लागली.

"सासूचे पाय कधी चोळले नाहीत मी. तिनं लाख इशारे केले, मी आंधळी झाले. आणि आता तुझे चोळते. स्वर्गातून बघत असेल, फुटत असेल नुसती."

"गुदगुल्या होतात," धाकटी म्हणाली आणि खुदकन हसली. थोरलीनं मान वळवली. उन्हाचा पिवळा दोरा, एक उभा टाका.

मंगळवारी हिरव्या बसमध्ये खिडकीची जागा, पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत आणि तसंच परत. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "आजी, उतरायचं नाही का?" थोरली म्हणाली, "उतरून काय करू? इथं आमचं कोण बसलंय?" धाकटी काचेला नाक लावून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. वाचता येत होतं तिला अजून, अक्षरन् अक्षर. फक्त वाचलेलं पुढच्या पाटीपर्यंत टिकत नव्हतं. हिरवे दोन तिरपे टाके पडले.

बुधवारी मात्र भलतंच झालं. उशांच्या अभ्र्यांचा ढीग आला होता. थोरली पाणी शिंपडायचं भांडं भरायला नळाशी गेली. मागून चर्र आवाज आला. ओल्या कापडावर इस्त्री टेकली की येतो तोच. पण आवाजामागून वास आला तो कापडाचा नव्हता. ती वळली. धाकटीनं अंगात घातलेल्या नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याची बाही चुरगळलेली होती आणि धाकटी ती नीट करत होती. अंगात असतानाच. मनगटापासून वर, हळूहळू, कड सांभाळून, जशी आयुष्यभर केली तशी.

"टाक! टाक ती खाली!"

धाकटीनं इस्त्री टाकली नाही. उभी करून ठेवली, जशी ठेवायची असते. मग हाताकडे बघितलं आणि लहान मुलासारखा तिचा ओठ वाकडा झाला.

गार पाणी, मलम, स्वच्छ फडकं. थोरलीनं बांधलेली गाठ तीनदा सुटली. समोरून तिनं आइसक्रीमचा कप आणवला. धाकटीनं तो आधी भाजलेल्या हातावर धरला, बराच वेळ, डोळे मिटून. आणि पातळ झाल्यावर ओठाला लावून प्याली. "छान आहे," म्हणाली.

रुमालावर पांढरं गोल टाकताना थोरलीनं मनाशी एक गोष्ट ठरवली. कपाटातून लांब बाह्यांचा स्वेटर काढला आणि तो धाकटीच्या अंगात घातला. पुतण्यानं विचारलंच तर सांगायचं, तिला हल्ली थंडी वाजते. विचारलं नाही तर काहीच सांगायचं नाही. न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं ती इस्त्रीची वायर गुंडाळताना स्वतःला दोनदा म्हणाली.

गुरुवार फुकट गेला. वासाचा नवा साबण आणला होता, तो धाकटीनं हुंगला आणि पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवून दिला. मग दिवसभर कपाटाला पाठ लावून बसली, कुणी घेईल म्हणून. जेवली नाही. हाताला ठणका लागला होता.

शुक्रवारी थोरलीनं अभ्यास घेतला. रुमाल पसरला. धाकटीचं बोट फुलीवर आलं, "बन." उभ्या टाक्यावर आलं, "ऊन. गुदगुल्या." तिरप्या टाक्यांवर, "बस." गोलावर जरा अडलं, मग, "गार." थोरलीनं पुन्हा विचारलं. पुन्हा बरोबर. उलटीकडून विचारलं, तरी बरोबर. थोरली उठली आणि उगाचच टेबल पुसू लागली. दुपारी एक मोठी चादर इस्त्री करून झाली, घडी घालायच्या आधी तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं ती गरम गरम चादर तशीच धाकटीच्या खांद्यांवरून लपेटली, वरून खाली, अगदी कानांपर्यंत. धाकटी आत दिसेनाशी झाली. आतून आवाज आला, "ताई, किती ऊबदार गं."

ताई. चार महिन्यांत ही हाक आली नव्हती.

याचा टाका थोरलीनं घातला नाही. हे परीक्षेसाठी नव्हतंच.

शनिवारी अकरा वाजता तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसली. धाकटी मधे, स्वेटरमध्ये. पुतण्या घड्याळाचा पट्टा फिरवत होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आवाजात घाई नव्हती, तेवढी एक गोष्ट थोरलीला पसंत पडली.

"आजी, या आठवड्यात काय काय छान झालं?"

"सगळं छान झालं," धाकटी म्हणाली.

"म्हणजे काय झालं?"

"सगळं." ती डॉक्टरीणबाईंच्या कोटाच्या कॉलरकडे बघत होती. "खळ जास्त झालीय याला."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण कागदावर काहीतरी लिहिलं. थोरली पुढे सरकली. "रुमाल बघ गं. रुमाल."

"चालेल ना?" पुतण्यानं विचारलं.

"चालेल की. आपणही डायरी बघतोच."

धाकटीनं रुमाल मांडीवर पसरला. बोट फुलीवर ठेवलं. थोरलीचे ओठ आपोआप 'ब'साठी मिटले.

"हे बेकरीवाल्याचं," धाकटी म्हणाली.

बेकरी! नुसता बन नव्हे, कुठून आणला तेही आठवलं!

"बेकरीवाल्याचे एप्रन. खिशात बेदाणे चिकटलेले असतात. धुवायच्या आधी काढायचे. ताई काढते, निम्मे मला देते. कुणी आलं की ताई पाठ करून उभी राहते आणि मी तिच्यामागे बसून खाते."

थोरलीनं रुमालाकडे बघितलं. लाल फुली. बेकरीवाल्याची खूण होती ती, वीस-बावीस वर्षं. तिनं रविवारी चेरी बघून लाल दोरा घेतला होता, पण फुली? फुली तिच्या हातानं आपणहून घातली होती. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. तिनं नव्या सुखांवर सगळ्या जुन्या खुणा मारून ठेवल्या होत्या. कालपर्यंत धाकटीला घोकलेलं आठवत होतं. आज, परक्या खोलीत, ती बिचारी आपलं काम करत होती, कपडे ओळखत होती.

डॉक्टरीणबाईंना यातलं काय ठाऊक? त्या खुलल्या. "वा, बेदाणे! आणखी?"

पिवळा उभा टाका. "हे गाण्याच्या मास्तरांचं. ते समोरच्या खिडकीत पेटी वाजवतात. आम्ही गच्चीत चादरी वाळत घालतो ना, तर ओल्या चादरींच्या मागे कुणाला दिसत नाही. मी आणि ताई नाचलो."

पुतण्यानं चमकून थोरलीकडे बघितलं. "मोठीआई, तू नाचलीस?"

"गच्चीत होतो आम्ही," थोरली म्हणाली. "सोमवारी." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. जोडल्यावर खोट्या झाल्या.

बोट हिरव्या तिरप्या टाक्यांवर आलं. "आणि हे रेल्वेच्या गार्डसाहेबांचं. कोटाच्या खिशात शिट्टी राहिली होती. ताईनं जेवताना टेबलाखाली वाजवली. मी ताडकन उभी राहिले, हातात घास तसाच." धाकटी इतकी हसली की तिला ठसका लागला. पुतण्याही हसला. त्याचा चेहरा सैल पडला होता. ओझं उतरलेल्या माणसाचा दिसतो तसा.

डॉक्टरीणबाईंनी पेन टेकवलं. "फारच छान. इतके बारकावे मी धरलेच नव्हते. कपडे येतातच ना अजून तुमच्याकडे? मग मला फक्त एवढंच सांगा, मोठ्या आजी. हे सगळं या आठवड्यातलंच ना?"

पुतण्या तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत शंकेचा कणसुद्धा नव्हता. त्याच्या दृष्टीनं उत्तर आधीच आलेलं होतं, मोठीआई बोलेल ते.

"हो," थोरली म्हणाली.

पहिल्यांदाच खोटं बोललेली बाई ती. शब्द घशातून निघाला तो बोरीच्या काट्यासारखा ओरबाडत निघाला. पण निघाला. डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. पुतण्यानं आईचा हात हातात घेतला, भाजलेला नव्हता तो. थोरलीनं डोळे मिटले आणि मनात म्हटलं, झालं. आता घरी जाऊ. दाराला टेकून उभी राहीन मी, मरेपर्यंत उभी राहीन.

पण धाकटीला कुणी थांब म्हटलं नव्हतं. रुमालावर अजून एक खूण होती आणि हौदातला कपडा ओळखल्याशिवाय सोडायचा नसतो.

"हे सुईणीचं," ती पांढऱ्या गोलावर बोट ठेवून म्हणाली. आवाज खाली आला. "हिचे एप्रन मी वेगळे धुते. या वेळी फार रक्त होतं. ताईचं होतं. बाळ राहिलं नाही."

तिचं बोट गोलावरून फिरत राहिलं.

"सासूबाई म्हणाल्या, टाक हौदात. मी नाही टाकले. मागच्या दारी बसून एकटीनं धुतले, तीन पाण्यांतून काढले. ताईची नजर पडली असती ना. ताई कपडे बघून सगळं ओळखते. मग तिसऱ्या दिवशी मी दूध गरम केलं, साखर घातली, सासूबाईंच्या डब्यातली, चोरून. ताई तीन दिवस पाणी पीत नव्हती. माझ्या हातून सगळं दूध प्याली. 'गोड आहे' म्हणाली." धाकटीनं मान वर केली. तिचा चेहरा इतका आनंदी होता की बघवत नव्हतं. "हे छान झालं या आठवड्यात. ताई दूध प्याली."

थोरलीला ते दूध आठवत होतं. कपाचा कानही आठवत होता. एप्रनचं तिला ठाऊक नव्हतं. आजपर्यंत ठाऊक नव्हतं. सुईणीचे कपडे कुठं गेले, हा प्रश्न तिला त्या दिवसांत पडला नव्हता, नंतर विचारावंसं वाटलं नव्हतं. ही बाई एवढी वर्षं तिच्याशेजारी उभी राहून कपडे पिळत होती, शिव्या खात होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती. बोलली असती तर थोरलीला दुखलं असतं. म्हणून नाही बोलली.

आणि आपण आठवडाभर काय केलं? बन चारला, बस दाखवली, आणि भाजलेल्या हातावर स्वेटर घातला. कुणाच्या सुखासाठी?

"डॉक्टरीणबाई, खोडा ते," थोरली म्हणाली. "खोटं सांगितलं मी. यातलं काही या आठवड्यातलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं आहे सगळं. आठवड्यातलं तिला काही आठवत नाही. काल आठवत होतं, आज नाही."

"मोठीआई..." पुतण्या म्हणाला.

"गप्प बस. अजून आहे." तिनं धाकटीची डावी बाही हळूच वर सरकवली. फडकं सोडलं. मनगटापासून वर गेलेला तो लालभडक पट्टा उघडा पडला. "बुधवारी इस्त्री फिरवली हिनं स्वतःवर. मी नळाशी होते. पंधरा पावलांवर. माझे गुडघे पंधरा पावलं वेळेत चालत नाहीत आता. हे तुझ्यापासून लपवलं मी."

पुतण्या उठून आईच्या खुर्चीपाशी बसला, जमिनीवर, चांगल्या कपड्यांनिशी. त्यानं हात हातात घेतला आणि त्याचे खांदे हलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी कपाट उघडून मलम काढलं. कुणीच कुणाला काही बोललं नाही, आणि त्याचंच थोरलीला जास्त लागलं. ओरडला असता तर तिला उलट ओरडता आलं असतं.

"ती जागा," ती शेवटी म्हणाली, "तिथं धुतात का कपडे? का बाहेर देतात?"

"तिथंच धुतात," पुतण्या डोळे पुसत म्हणाला. "मागे मोठी दोरी आहे."

"मग हिला घड्या घालायला द्यायच्या. सांगून ठेव. इस्त्री नाही, नुसत्या घड्या. नुसती बसवून ठेवली तर मी येऊन एकेकीला बघेन."

"उद्या सकाळची गाडी आहे," तो म्हणाला. "तूही चल ना, पोचवायला."

"दुकान कोण बघेल? तू?" तिनं सोडलेलं फडकं उचललं आणि त्याची घडी घालू लागली.

धाकटी या सगळ्यांकडे पाहुणी असल्यासारखी बघत होती. मग तिनं मुलाच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू येईल असं विचारलं, "ही बाई का रडते?"

"मी रडत नाही. वाफ गेली डोळ्यांत."

"ही बाई फार ओरडते," धाकटी म्हणाली. "आमची ताई असती ना, तर हिला चांगली सुनावली असती. ताईला सांगा, मी सगळ्यांचे कपडे बरोबर ओळखले. ती विचारते. कधी छान म्हणत नाही, पण विचारते."

थोरलीनं खुर्ची ओढली आणि तिच्या पुढ्यात बसली, गुडघ्याला गुडघा लावून. मलम लावलेल्या हाताला धक्का लागू नये अशा बेतानं तिचा दुसरा हात धरला. चाळीस वर्षांत ज्या गोष्टीसाठी तिची जीभ एकदाही वळली नव्हती, ती गोष्ट आता तोंडाशी आली होती, आणि मागे ढकलायला तिच्यात जोर उरला नव्हता.

"ऐक, धाकटे," ती म्हणाली. "तू माझ्यापेक्षा चांगली होतीस. कामातही आणि मनानंही. सासूला ते दिसलं नाही, मला पहिल्या वर्षीच दिसलं होतं, म्हणून तर मी तुला बोलत राहिले. आज सांगते, कारण उद्या तुला ते आठवणार नाही. नाहीतर चढून बसली असतीस माझ्या डोक्यावर."